हॉस्टेलात साथीचा आजार झाला तर वेगळं कसं राहायचं? पोरं नेहमी विचारतात ते प्रश्न

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, मुलींच्या वसतिगृहात मी नऊ वर्षं गृहपाल आहे. जुलैत प्रवेश झाले की आणि दिवाळीच्या सुट्टीहून पोरी परतल्या की तेच ते प्रश्न सुरू होतात. शेजारच्या मुलांच्या वसतिगृहातली आणि गावात रूम करून राहणारी पोरंही विचारतात. प्रश्न जसे आले तसे ठेवले आहेत. औषधांबद्दल जे लिहिलं आहे ते ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलेलं आहे.

१. विलगीकरण, अलगीकरण, क्वारंटाइन... आपल्याले नेमकं करायचं काय?

आजारी माणसानं वेगळं राहणं म्हणजे विलगीकरण. आजाऱ्याच्या सहवासात आलेल्या, पण अजून धडधाकट असलेल्या माणसानं काही दिवस जपून राहणं म्हणजे अलगीकरण, तेच क्वारंटाइन. कोविडच्या काळात हे शब्द इतके उलटसुलट वापरले गेले की मी त्यांचा नाद सोडला. इथे सरळ ‘वेगळं राहणं’ म्हणते. त्यात तीन गोष्टी येतात: झोपायची जागा वेगळी, ताट-पेला-टॉवेल वेगळा, आणि विचारपूस करणारं एक ठरलेलं माणूस. पहिल्या दोन सगळ्यांना आठवतात, तिसरी राहून जाते.

सेवाग्रामला सहल गेली की मी पोरींना परचुरे कुटी दाखवते. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींसाठी गांधीजींनी आश्रमाच्या आवारातच झोपडी केली आणि त्यांच्या अंगाला मालिश ते स्वतः करत. झोपडी वेगळी होती, पण हाकेच्या अंतरावर.

२. मॅडम, ताप आला तं सरळ घरीच जाऊ का? एसटी तं हॉस्टेलच्या समोरच थांबते.

नाही. निदान डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय तरी नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी एका पोरीच्या अंगावर पुरळ दिसलं आणि मीच घाबरून तिला काळी-पिवळीत बसवून गावी पाठवलं. जीपमध्ये चौदा माणसं. कांजण्या निघाल्या. घरी तिची वहिनी सात महिन्यांची गरोदर होती. वहिनीला लहानपणी कांजण्या होऊन गेल्या होत्या म्हणून निभावलं. होऊन गेल्या नसत्या तर आईला आणि बाळाला, दोघांनाही धोका होता. हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

घरी जायचंच असेल तर आधी फोन करून विचारा: घरात गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, कॅन्सरचं औषध चालू असलेलं कुणी आहे का? वेगळी खोली आहे का? गावापासून दवाखाना किती लांब? गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या आतल्या गावातली पोर असेल तर तालुक्याचं वसतिगृहच दवाखान्याला जवळ पडतं. सगळं ठीक असेल तर घरचं कुणीतरी दुचाकीवर घ्यायला येऊ दे. आजाऱ्यानं तोंडाला मास्क लावून मागे बसावं. गर्दीच्या गाडीनं जायचं नाही.

३. कोणत्या आजारात किती दिवस?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ‘चौदा दिवस’ हे उत्तर कोविडच्या सुरुवातीपासून लोकांच्या डोक्यात बसलंय. प्रत्येक आजाराचा हिशेब निराळा असतो.

फ्लू आणि कोविडमध्ये पॅरासिटामॉल न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल आणि बाकी त्रासही ओसरत असेल तर बाहेर यायला हरकत नाही, पण पुढचे पाच दिवस मास्क. कांजण्यांमध्ये दिवस मोजायचे नसतात, खपल्या पाहायच्या: शेवटच्या फोडावर खपली धरली की सुटका, बहुधा पाच ते सात दिवसांत. गालगुंडात, म्हणजे गालफुगीत, सूज आल्यापासून पाच दिवस. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. जुलाब-उलट्या थांबल्यावर आणखी ४८ तास. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत डोळे पिवळे दिसल्यापासून साधारण आठवडा. डोळे आले असतील तर पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत.

टायफॉइडमध्ये खोलीत कोंडून घ्यायचं कारण नाही, पण डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत स्वयंपाकाला, वाढायला हात लावायचा नाही. टीबीचं प्रश्न १३ मध्ये, खरजेचं १४ मध्ये.

एक अडचण आहेच. कांजण्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, गोवर चार दिवस आधीपासून. म्हणजे तुम्ही वेगळे होता तोवर खोलीतल्या बाकीच्यांच्या अंगात आजार गेलेला असू शकतो. म्हणून रूममेटांनी पुढे कांजण्यांसाठी तीन आठवडे स्वतःकडे लक्ष ठेवायचं.

४. आमी सहा जनी एका रूममंदी राहतो. वेगळी खोली आनायची कुठून?

खोली शोधावी लागते, आणि ती आजार यायच्या आधी शोधावी लागते. आमच्याकडे मोडक्या खाटा आणि कॅरमबोर्ड ठेवायची एक अडगळ होती. पोरींनी दोन रविवार लावून रिकामी केली. निवडताना आम्ही चार गोष्टी पाहिल्या: समोरासमोर दोन खिडक्या, जवळ संडास, चालू प्लग, आणि आत मोबाइलला रेंज. शेवटची गंमत वाटेल, पण रेंज नसेल तर रात्री हाक कोण ऐकणार? अभ्यासिका, टीव्हीची खोली, पाहुण्यांची खोली असं काहीही चालतं. स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मात्र नको.

खोली मिळालीच नाही तर आजाऱ्याची खाट खिडकीपाशी, बाकीच्यांपासून निदान सहा फूट, आणि उशी उलट टोकाला, म्हणजे तोंडं समोरासमोर येत नाहीत. दुमजली खाट असेल तर आजाऱ्यानं खाली झोपावं. चक्कर आली तर वरून पडायला नको. मास्क खोलीतल्या सगळ्यांनी लावायचा. उन्हाळ्यात मच्छरदाणी लावून व्हरांड्यात झोपणं सगळ्यात उत्तम. डिसेंबरच्या थंडीत पोरी खिडक्या गच्च लावतात. तेव्हा एक फट तरी उघडी राहू दे, हवं तर आणखी एक चादर घ्या.

दोघी आजारी असतील तर एकाच खोलीत ठेवायचं का? दोघींना तोच आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तरच. एकीचा ताप फ्लूचा आणि दुसरीचा टायफॉइडचा असू शकतो.

५. मे महिन्यात ४५ डिग्रीत खिडकी उघडी ठेवून मरायचं का? कूलर चालतो का?

चालतो, उलट फायद्याचा आहे. आपला खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. फक्त समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. कूलर खोलीच्या आत मधोमध ठेवला तर मात्र तीच हवा फिरत राहते. एसी असलाच, तर त्याचंही तसंच. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच.

६. आधीपासून काय जमवून ठेवू?

तुमच्या पत्र्याच्या पेटीत एक पिशवी बांधून ठेवा. पॅरासिटामॉल ५०० ची एक पट्टी, ओआरएसची चार पाकिटं, डिजिटल थर्मामीटर, दहा मास्क, अंगाचा आणि कपड्याचा साबण, नेलकटर. जुनी चादर आणि टॉवेल, जे नंतर उकळत्या पाण्यात टाकायला जीव खालीवर होणार नाही. ताट, वाटी, पेला, चमचा. बादली आणि मग स्वतःचे हवेत. वाळत घालायची दोरी. टॉर्च, कारण लोडशेडिंग आजार पाहून होत नाही. पॉवर बँक. मुलींनी पॅड. गूळ-शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे असं दोन दिवस टिकेल ते.

कागद वेगळे: आधार आणि आयुष्मान कार्डाची झेरॉक्स, कोणती लस झाली आहे त्याचा फोटो, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, घरच्यांचे दोन नंबर कागदावर लिहून. फोन बंद पडला की कुणालाच आईचा नंबर पाठ नसतो. पाचशे रुपये सुट्टे.

अँटिबायोटिक या पिशवीत नको. मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात नकोत.

लसीचं घरी गेल्यावर विचारून या: लहानपणी कांजण्या, गोवर, गालगुंड झाले होते का? कांजण्यांची लस सरकारी मोफत वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते. ती आजाऱ्याच्या सहवासानंतर तीन ते पाच दिवसांत घेतली तरी उपयोग होतो, म्हणून साथ आली की लगेच डॉक्टरांना विचारा.

७. दोस्त घाबरतात. डबा कोन आनून देईन?

वेगळं राहणं मोडतं ते बहुतेक इथेच. ताप असलेली पोर दुपारी दोनपर्यंत वाट पाहते, मग स्वतःच उठून मेसमध्ये रांगेत उभी राहते. चूक तिची नसते.

म्हणून जुलैतच मी सोबतिणी ठरवते आणि वहीत नावं लिहिते. पहिली अट: सोबतीण दुसऱ्या खोलीतली हवी. पोरी जिवलग मैत्रिणीचं नाव देतात, ती त्याच खोलीत झोपते आणि दोघी एकाच आठवड्यात आडव्या होतात. दुसरी अट: पुरळाच्या आजारात, तो आजार होऊन गेलेली किंवा लस घेतलेली मुलगीच सोबत करेल. मेसमध्ये वाढायची पाळी असलेली नको.

दाराबाहेर एक स्टूल. सोबतीण डबा स्टुलावर ठेवते, दार वाजवते, सहा पावलं मागे होते आणि मग गप्पा मारते. गप्पा मारायच्याच. सकाळ-संध्याकाळ तीन प्रश्न: ताप किती, लघवी झाली का, काही खाल्लं का? उत्तरं वहीत. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर आधी हेच विचारतात. डब्यातलं अन्न आजाऱ्यानं आपल्या ताटात काढून घ्यायचं, डबा आत न्यायचा नाही.

ज्यांच्या जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात आणि जी खासगी खानावळीत जेवतात, त्यांनी खानावळवाल्या काकूंशी आधीच बोलून ठेवावं: आजारपणात मऊ भात मिळेल का, आणि सोबती डबा न्यायला आला तर चालेल का?

८. खायचं काय?

गिळेल ते. भंडारा-गोंदियाकडच्या पोरी तांदळाची पेज मागतात, वऱ्हाडातल्या ज्वारीची आंबील. दोन्ही चांगल्या. वरण-भात, मुगाची खिचडी, ताक, केळं, संत्रं. काविळीत बिनमिठाचं, फक्त उसाचा रस असा छळ करू नका. साधं घरचं जेवण चालतं. रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस तर नकोच, कावीळ तिथूनच आलेली असू शकते. पिवळे डोळे दिसले तर पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

९. ओआरएस कसं करायचं? अंदाजानं टाकलं तर चालते का?

अंदाज नको. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात. लिटरची रिकामी बाटली मापाला बरी. बारीक पाकिटावर किती पाणी ते छापलेलं असतं. केलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओता. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांनी जुलाब वाढतात.

१०. संडास-बाथरूम सगळ्यांचं एकच हाय. मंग?

आजाऱ्यानं सगळ्यांचं आटोपल्यावर शेवटी जायचं. जुलाब-उलट्यांची साथ असेल तर नंतर ब्लीचिंग पावडरचं पाणी: एक लिटरला एक मोठा चमचा. बादलीतला मग, कडी, नळ त्यानं पुसायचे, दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवायचे. ब्लीचिंग आणि संडासाचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. एकदा आमच्या सफाईवाल्या मावशी तेवढ्यानं खोकून बेजार झाल्या होत्या.

हात साबणानं धुवा. जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर फारसं चालत नाही.

११. आजी म्हणते माता आली तं औषध घेऊ नये, अंघोळ करू नये. खरं का?

आजीचा कडुनिंबाचा पाला ठेवा, तिला बरं वाटतं आणि अपाय काही नाही. अंघोळ मात्र रोज करा, कोमट पाण्यानं, न घासता. नखं कापा, खाजवलेल्या फोडात पू होतो आणि व्रण राहतात. पहिल्याच दिवशी दवाखान्यात जा, कारण मोठ्या वयात कांजण्या जास्त त्रास देतात आणि त्यावरचं औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू केलं तर जास्त लागू पडतं. तापाला पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, आयब्युप्रोफेनही टाळा.

नारळ वाहायचा असेल तर खपल्या धरल्यावर देवळात जा. तोवर घरच्यांना वाहू द्या.

१२. वार्डनला सांगतलं तं हाकलून देईन म्हणून लपवलं तर?

पोरी का लपवतात ते मला माहीत आहे. एकदा सांगितलं की बादली वेगळी होते, टोपणनाव पडतं, कुणीतरी फोटो काढतं. गृहपालांनो, हे तुम्हाला: आजाऱ्याचं नाव फळ्यावर लावू नका. ‘तिसऱ्या खोलीत कांजण्या आहेत, ज्यांना झाल्या नाहीत त्यांनी येऊन भेटा’ एवढं पुरे.

पोरांनो, तुम्ही लपवलंत तर सोबत मिळत नाही आणि रात्री काही झालं तर कुणाला पत्ताही नसतो. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले तेव्हा आमच्याकडे एकीनं चार दिवस गॉगल लावून वर्ग केले. मग अख्खी विंग गॉगल लावून हिंडत होती. गॉगलनं साथ थांबत नाही. ती हातानं आणि टॉवेलानं पसरते.

१३. टीबी निघाला. आता वर्षभर हॉस्टेल बंद का?

नाही. साध्या टीबीत, औषधं लागू पडत असतील तर साधारण दोन आठवड्यांत पसरण्याचा धोका खूप कमी होतो. बाहेर कधी यायचं ते डॉक्टर सांगतात. उपचार मात्र निदान सहा महिने, एकही दिवस न चुकवता. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत, आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात; नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते.

टीबी हवेतून पसरतो, ताट-पेल्यातून नाही. भांडी वेगळी करून खिडकी बंद ठेवणं म्हणजे नेमकं उलटं. खोलीतल्या बाकीच्यांची तपासणी करून घ्या.

१४. खरूज झाली, पण माझ्या एकट्यालेच. बाकीच्यायनं काऊन औषध लावायचं?

लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार-सहा आठवडे लागू शकतात. बाकीच्यांना झालेली असेल, कळलेली नसेल. म्हणून अख्ख्या खोलीनं एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं, सकाळी धुवायचं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्यानं पुन्हा. कपडे-चादरी गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवा. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला जाता येतं. मलमानंतरही खाज काही दिवस राहते, म्हणून रोज लावत सुटू नका.

१५. डेंग्यू, मलेरियावाल्यालेही वेगळं ठेवायचं का?

खोलीत कोंडायचं नाही, मच्छरदाणीत ठेवायचं. हे आजार माणसाकडून माणसाला थेट लागत नाहीत, डास नेतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी दिवसाही. २०१८ साली नागपूर भागात गाजलेला स्क्रब टायफस गवत-झुडपातल्या बारीक किड्यांपासून होतो. अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. तापाचं कारण कळेपर्यंत मात्र वेगळं राहणंच बरं. मलेरियाची रक्त तपासणी आशाताईही करून देतात.

१६. परीक्षा असेल तर?

आजाराच्या पहिल्याच दिवशी सरकारी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या. बरं झाल्यावर मागच्या तारखेचं मागत फिरू नका. बारावीचं प्रॅक्टिकल हुकलं तर मंडळाची ‘आउट ऑफ टर्न’ सोय, म्हणजे ठरल्या वेळेनंतर ते देण्याची, असते, लेखी हुकलं तर पुरवणी परीक्षा. पेपर द्यायची ताकद असेल तर आदल्या दिवशी केंद्रसंचालकांना फोन करून वेगळी खोली मिळेल का विचारा. न सांगता जाऊन बाकावर बसणं हे सगळ्यात वाईट.

१७. मी गावात रूम करून राहतो. घरमालक म्हणतात, खाली कर.

भांडू नका, डॉक्टरांचा कागद दाखवून किती दिवसांचा प्रश्न आहे ते सांगा (प्रश्न ३). दिवस ठरलेले कळले की बहुतेक मालक निवळतात. नाही निवळले तर कॉलेजच्या प्राचार्यांना मध्ये घाला. सोबती तुम्हालाही हवाच, उलट जास्तच.

१८. रात्री दोन वाजता तब्येत बिघडली तर? कशावरून समजायचं?

श्वास लागणं, बोलताना वाक्य पूर्ण न होणं, बडबड किंवा गुंगी, मान ताठणं, आठ तास लघवी नाही, पाण्याचा घोटही न टिकणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली. कांजण्यांमध्ये खोकला-धाप. काविळीत झोपाळूपणा. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यावरच पोटात कळा, उलट्या, हिरड्यांतून रक्त. ‘ताप गेला, बरी झाली’ म्हणून झोपवू नका.

यातलं काहीही असेल तर १०८. गावाचं नाव, तालुका आणि रस्त्यावरची खूण सांगा. एकाच नावाची गावं चार तालुक्यांत असतात. एकानं टॉर्च घेऊन फाट्यावर उभं राहायचं. आजारी खोलीची कडी रात्री आतून लावायची नाही. मुलींच्या वसतिगृहात बाहेरच्या दाराला कुलूप असतंच.

१९. एकटं राहून रडू येते.

येतंच, विशेषतः संध्याकाळी. व्हिडिओ कॉलवर आईसोबत जेवा. सोबतिणीला म्हणा, दाराबाहेर बसून चार ओळी मोठ्यानं वाच. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि मलाही उठवा, मी रागावत नाही.

२०. सोबतीणच आजारी पडली तं?

पडते. म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे दोन नावं असतात, दुसरी खालच्या मजल्यावरची. गेल्या ऑगस्टमध्ये फ्लूनं दोन्ही नावं आडवी झाली, तेव्हा मेसच्या मावशींच्या नवऱ्यानं तीन दिवस स्टुलावर डबे ठेवले. दार वाजवायला ते लाजत, म्हणून खालूनच सायकलची घंटी वाजवायचे.